मोडेम, पण वाकणार नाही

‘मोडेन, पण वाकणार नाही’ हे करारी मराठी वाक्य आपणा सर्वांच्या ओळखीचे आहे. २००६ सालच्या पावसाळ्यात आमच्या बेळगावातील एका छोट्या वाचनालयात एका थट्टेखोर सभासदाने त्यातील ‘न’च्या जागी ‘म’ घातला आणि ते वाक्य कागदावर लिहून संगणकाच्या कडेला चिकटवले. निमित्त होते आमच्या नव्या मोडेमचे. तीन आठवडे आम्ही त्याची मनधरणी केली. पण आमच्या संगणकाशी एक शब्दही बोलायचा नाही, असा जणू त्याने पणच केला होता.

भाषाविषयक लेखांच्या या दालनात तारा, चिपा आणि खोकी कशासाठी, असे वाचकांपैकी कोणी विचारील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की मोडेम हा मुळात दुभाष्या आहे. संगणकाला शून्य आणि एक एवढेच कळते. जुन्या टेलिफोनच्या तारेला मात्र माणसाच्या आवाजासारखा आवाज तेवढा कळतो. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलीत घालायचे आणि पलीकडून आलेले उत्तर परत उलटायचे, हे मोडेमचे काम. इंग्रजीतील ‘मॉड्युलेटर’ आणि ‘डीमॉड्युलेटर’ या दोन शब्दांची डोकी कापून हा जोडशब्द तयार झाला आहे. सीमाभागातील आम्हां मंडळींचे निम्मे आयुष्य दुभाष्याच्या कामात जाते. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा थोडाफार अधिकार आम्हांला आहे, असे आम्ही धरून चालतो.

मोडेमची गरज का पडली, ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या वाचनालयात एक निवृत्त शिक्षक नियमाने येत. त्यांना सारेच गुरुजी म्हणत. आम्हीही येथे तेवढेच म्हणतो. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या खेड्यांत नोकरी करताना तीस वर्षे त्यांनी कानावर पडलेले मराठी शब्द पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर टिपून ठेवले होते. शब्द, त्याचा अर्थ, तो ऐकला ते गाव आणि बोलणाऱ्याच्या तोंडचे एक वाक्य, अशी प्रत्येक कार्डाची बांधणी. सुमारे चार हजार कार्डे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरलेली होती. ती अक्षरांच्या क्रमाने नव्हती. जशी मिळाली तशीच ठेवलेली. पहिले कार्ड ‘खरं’ या शब्दाचे होते. आपल्याकडे ‘खरं’चा अर्थ ‘पण’ असाही होतो, हे बाहेरच्या पाहुण्याला समजावून सांगताना प्रत्येक बेळगावकराची तारांबळ उडालेली आहे. ‘येतो म्हटलो खरं, जमलं नाही’ हे वाक्य ऐकून पुण्याचा माणूस ‘खरं’ला ‘खरोखर’ समजतो आणि गोंधळतो. कन्नडमधून आलेल्या शब्दांवर गुरुजी तशी नोंद स्वच्छ अक्षरांत करीत. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का ही तर साऱ्या महाराष्ट्राने घेतलेली देणी आहेत, मग आम्ही दोन जास्त घेतली तर लपवायचे कशाला, असे ते म्हणत.

या कार्डांना एकदा दगा झाला होता. १९९८च्या सुमारास त्यांतली अकराशे कार्डे एका छपाईच्या दुकानात पदरच्या पैशांनी टंकून घेतली होती. फ्लॉपी जपून ठेवली होती. काही वर्षांनी ती दुसऱ्या संगणकावर उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, उद्गारचिन्हे आणि कंसांचा चिखल दिसला. त्या काळच्या बहुतेक मराठी टंकांची रीतच तशी होती. संगणकाच्या लेखी तो इंग्रजी मजकूरच असे. केवळ त्या विशिष्ट टंकात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार रंगवलेले असत. टंक गेला की मराठी गेली. प्रत्येक विक्रेत्याची जुळणी निराळी, त्यामुळे एकाचे लेखन दुसऱ्याला वाचता येत नसे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे सरकारी मानक १९९१ मध्येच पक्के झालेले होते. पण बाजार आपल्याच वाटेने गेला. अकराशे कार्डांचे ते काम पाण्यात गेले. गुरुजी त्या वेळी काही बोलले नाहीत. फ्लॉपी मात्र त्यांनी डब्यातच ठेवली होती.

म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही दोन अटी घातल्या. मजकूर युनिकोडमध्येच टंकायचा, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक मिळतो आणि टंक बदलला तरी अक्षर बदलत नाही. आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतला फरक टिकला पाहिजे. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. हा चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ मराठीला हवा असतो, हिंदीला त्याची गरज नसते. म्हणून जुन्या व्यवस्थांत त्याची नेहमी आबाळ होई. युनिकोडने त्यासाठी नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला वेगळा क्रमांक दिलेला आहे, आणि इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून मिळतो.

संगणक एका सभासदाने देणगी म्हणून दिला, पण त्यात कार्यप्रणाली नव्हती. विंडोजचा रीतसर परवाना वाचनालयाच्या वर्षभराच्या पुस्तकखरेदीइतका महाग पडत होता. नकली तबकडी घालून देण्याची तयारी मात्र भेटेल त्याने दाखवली. गुरुजी म्हणाले, “हे शब्द मी लोकांना विचारून घेतलेत. न विचारता उचललेल्या वस्तूत ते ठेवायचे नाहीत.” तेव्हा उबुंटू या लिनक्सच्या वितरणाच्या तबकड्या मागणी नोंदवणाऱ्याला जगभर टपालाने विनामूल्य पाठवल्या जात. आमचे पाकीट २००५च्या अखेरीस आले. परदेशी तिकिटे लावलेले ते पाकीट पाहायलाच आठ-दहा माणसे जमली.

येथे एका शब्दाविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही. या चळवळीच्या इंग्रजी नावातला ‘फ्री’ हा शब्द तिच्या प्रवर्तकांना आजतागायत छळत आला आहे, कारण त्या एका शब्दात ‘मोफत’ आणि ‘स्वतंत्र’ असे दोन्ही अर्थ कोंबलेले आहेत. कोणता अर्थ अभिप्रेत आहे, ते त्यांना दर वेळी समजावून सांगावे लागते. मराठीत ही अडचणच नाही. फुकट ते फुकट आणि मुक्त ते मुक्त. मुक्त प्रणाली विकतही घेता येते. फुकट मिळालेली वस्तू बंदिस्तही असू शकते. ‘मुक्तस्रोत’ हा आपला शब्द नेमका आहे आणि तो बिनदिक्कत वापरावा, अशी आमची शिफारस आहे.

महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुलींनी सहा महिने संध्याकाळी येऊन चारही हजार कार्डे टंकली. लोहित या मुक्त टंकात ती पडद्यावर सुरेख दिसत. आता ती इंदूरला जायची होती. गुरुजींचे एक जुने सहाध्यायी तिकडे मराठीचे प्राध्यापक होते. व्युत्पत्ती तपासून देण्याचे त्यांनी कबूल केले होते. तबकडी टपालाने पाठवता आली नसती का? आली असती, पहिला नमुना तसाच पाठवला होता. पण काम एका फेरीचे नव्हते. एकेका शब्दावर प्रश्न, उत्तर, पुन्हा शंका, असे ते चालणार होते. आणि त्याच उन्हाळ्यात गुरुजींच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. दृष्टी किती दिवस टिकेल, ते डॉक्टरांना सांगता येत नव्हते. घरापासून वाचनालयापर्यंतची वाट त्यांना पायाखालची होती. त्यापलीकडचा सायबर कॅफे, भर बाजारातला, त्यांच्या आवाक्याबाहेर गेला होता. इंदूरचे उत्तर आपल्यासमोर यावे आणि आपण तिथेच उत्तर द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. आमच्या गल्लीत ब्रॉडबँड पोचलेले नव्हते. टेलिफोनची तार मात्र होती.

तेव्हा आम्ही खडेबाजारात जाऊन संगणकाच्या आत बसवायचे साडेतीनशे रुपयांचे मोडेम कार्ड आणले. घेताना विचारले, “हे लिनक्सवर चालेल ना?” दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, “लिनक्स कशाला ओ सर? विंडोज घाला की. आमच्यात ते चालत नाही बघा.” ‘ते चालत नाही’ हे शब्द आम्ही आयुष्यात अनेक खिडक्यांसमोर ऐकले आहेत, बहुधा हातात मराठीत भरलेला अर्ज असताना. त्यामुळे आम्हांला नवल वाटले नाही. कार्ड घेऊन आलो, बसवले, आणि संगणकाने त्याची दखलही घेतली नाही.

कारण कळायला आम्हांला आठवडा लागला. वाचकांना ते चार वाक्यांत सांगतो. पूर्वीचा मोडेम आपले काम स्वतः करीत असे. आवाज ओळखण्याची, दुरुस्त करण्याची आणि उलटण्याची बुद्धी त्याच्या स्वतःच्या चिपांत असे. १९९०च्या दशकात स्पर्धा वाढली तेव्हा उत्पादकांनी त्या महागड्या चिपा काढून टाकल्या आणि ते काम संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर ढकलले. कार्डावर उरले ते जेमतेम कान आणि तोंड. डोके एका ड्रायव्हर प्रणालीत गेले, आणि ती प्रणाली बहुधा केवळ विंडोजसाठी लिहिलेली असे. ‘विनमोडेम’ हे मुळात एका कंपनीचे व्यापारी नाव. पुढे या साऱ्या जातीलाच ते चिकटले. म्हणजे आम्ही जो दुभाष्या घरी आणला होता, त्याला स्वतःला एकही भाषा येत नव्हती. भाषा त्याच्या मालकाच्या घरी कुलपात होती.

मग शोध सुरू झाला. खोक्यावरचे नाव निरुपयोगी, कारण एकाच नावाच्या खोक्यात या महिन्यात एक चिप तर पुढच्या महिन्यात दुसरी असू शकते, ही आम्हांला झालेली पहिली जाण. खरी ओळख कार्डाच्या पोटात असते. प्रत्येक पीसीआय कार्ड संगणकाला दोन क्रमांक सांगते, एक उत्पादकाचा आणि एक वस्तूचा. लिनक्समध्ये एका आज्ञेने ते वाचता येतात. जगातल्या स्वयंसेवकांनी ‘स्कॅनमोडेम’ नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता. तो त्या क्रमांकांवरून चिपेचे कूळ ओळखून तिच्यासाठी काही उपाय आहे की नाही, ते सांगे. पण तो आणायचा कोठून? इंटरनेटवरून. आणि इंटरनेट लावायचे कशाने? मोडेमने. आम्ही छत्री घेऊन बाजारातल्या कॅफेत जायचे, पेनड्राइव्हवर एक फाइल आणायची, ती लावून पाहिली की आणखी दुसरीच एखादी फाइल नसल्याचा संदेश यायचा, की पुन्हा छत्री.

चिपेचे कूळ सापडले. तिच्यासाठी ड्रायव्हरही सापडला. पण तो ज्या कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी बांधलेला होता, त्याहून आमचा गाभा थोडा नवा होता. दुसऱ्या एका ड्रायव्हरची विनामूल्य आवृत्ती १४.४ किलोबिटच्या वर वेग देत नसे. कार्डावर ५६ लिहिलेले, पण पूर्ण वेगासाठी वेगळे पैसे भरायचे. तोही आमच्याकडे दर दोन मिनिटांनी तुटत होता. एसटीने कोल्हापूरला जाऊन आम्ही निराळ्या नावाचे दुसरे कार्ड आणले. घरी येऊन क्रमांक वाचले तर आत तीच चिप. त्या संध्याकाळी परतीच्या बसभाड्यासह आमचा हिशेब हजारावर गेला होता, आणि पडद्याला तो कागद चिकटला तो त्याच संध्याकाळी.

गुरुजी रोज सहा वाजता येत आणि दारातूनच विचारीत, “लागला का?” आम्ही नाही म्हणालो की कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत. वर्तमानपत्र हातात घेत. पण आता ते वाचत नसत, मथळे तेवढे डोळ्यांजवळ नेऊन पाहत. एके दिवशी त्यांनी विचारले, “एका डब्याशी कसे बोलावे, यात एवढे लपवण्यासारखे काय असते?”

आम्ही त्यांना एक गोष्ट सांगितली, ती आता सर्वश्रुत आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन हे प्रोग्रामर होते. तेथील जुना छपाई-यंत्राचा प्रोग्राम त्यांनी सुधारला होता. कागद अडकला की तो सर्वांना तसे कळवी. पुढे झेरॉक्स कंपनीने नवे यंत्र दिले, पण त्याच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर दिला नाही. तो ज्यांच्याकडे होता, त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाकडे स्टॉलमन गेले, तर न दाखवण्याचे वचन दिले असल्याचे सांगून त्याने नकार दिला. त्या नकाराची सल त्यांच्या मनात राहिली. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याच्या गाभ्याशी तिची गाठ पडली. गुरुजींनी गोष्ट शांतपणे ऐकली आणि म्हणाले, “म्हणजे सुरुवात अडकलेल्या कागदापासूनच झाली होती तर. मग आपण थांबायला हरकत नाही.”

सुटका शेवटी घरातूनच झाली. आमचे एक सभासद पतसंस्थेत कारकून होते. त्यांनी सांगितले, “आमच्या माळ्यावर एक जुना डबा पडून आहे, बाहेर ठेवायचा, लाल दिव्यांचा. मुख्य शाखेला रोजचा हिशेब त्यावरून जायचा.” दुसऱ्या दिवशी तो डबा आला. धूळ झटकली. वेग ३३.६ किलोबिट, म्हणजे आमच्या दोन्ही कार्डांपेक्षा कमी. सोबत तबकडी नाही, पुस्तिका नाही. मागे सीरियल पोर्टची जाड तार आणि एक अडॅप्टर.

तार जोडली. डब्याकडे ‘एटी’ ही दोन अक्षरे पाठवली. पडद्यावर लगेच उमटले, ‘ओके’.

ही ‘एटी’ म्हणजे ‘लक्ष द्या’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची पहिली दोन अक्षरे. १९८१ मध्ये हेज या कंपनीने आपल्या मोडेमसाठी ही आज्ञांची भाषा ठरवली. ती उघड होती, सोपी होती, आणि इतरांनीही तीच उचलली. ‘एटीडीटी’ म्हटले की नंबर फिरवायचा, ‘एटीएच’ म्हटले की फोन ठेवायचा. आमचा डबा कोणत्या कंपनीचा, त्याच्या पोटात कोणती चिप, हे संगणकाने विचारलेही नाही. विचारण्याची गरजच नव्हती, कारण डबा आपले काम स्वतः करीत होता आणि सर्वांना ठाऊक असलेल्या भाषेत बोलत होता. तीन आठवड्यांत आम्ही ड्रायव्हर शोधत होतो. या मोडेमला आमच्याकडून कोणताही ड्रायव्हर नको होता.

एक अडखळ राहिलीच. नंबर फिरवायला सांगितले की डबा ‘डायलटोन नाही’ असे उत्तर देई. रिसीव्हर कानाला लावला तर टोन स्वच्छ येत होता. उलगडा असा, की अमेरिकेत डायलटोन हा ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन स्वरांचा मिळून असतो. आपल्याकडच्या एक्स्चेंजचा टोन निराळा. डब्याला आमचा उच्चार कळत नव्हता, म्हणून तो आवाजच नाही असे म्हणत होता. त्यावरही त्याच उघड भाषेत उपाय होता. ‘एटीएक्स३’ अशी आज्ञा द्यायची, म्हणजे टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. ती ओळ लिहिली आणि डबा किंचाळू लागला.

ज्यांनी डायल-अप वापरले आहे, त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. आधी शिट्ट्या, मग खरखर, मग एक लांब घरघर आणि शांतता. गुरुजी खुर्चीतून उठून जवळ आले होते. हे काय चालले आहे, असे त्यांनी विचारले. आम्ही सांगितले, की दोन मोडेम आधी एकमेकांना आपल्याला काय काय येते ते सांगतात, तार किती चांगली आहे ते तपासतात, आणि दोघांनाही झेपेल अशा एका वेगावर स्थिरावतात. गुरुजी हसले. म्हणाले, “गणपत गल्लीत भाजी घेताना आपण वेगळे काय करतो? ती बाई कन्नडमध्ये सुरू करते, मी मराठीत, आणि तिसऱ्या वाक्याला दोघे एका कुठल्या तरी भाषेत येतो. आवाज मात्र एवढा होत नाही.”

शब्दसंग्रहाची फाइल साधारण साडेसातशे किलोबाइटची होती. युनिकोडच्या प्रचलित मांडणीत देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, आणि ई-टपालाच्या वेष्टणात ती फाइल आणखी एक-तृतीयांशाने फुगते. त्या वेगाला ती जायला पाच-सहा मिनिटे लागली. तेवढा वेळ गुरुजी उभेच होते, लाल दिव्याकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आले. पहिलेच वाक्य असे होते: “तुमच्या ‘दऱ्या’ येथे दऱ्याच दिसतात, त्यांचा समुद्र झालेला नाही.” गुरुजींनी ते आमच्याकडून दोनदा वाचून घेतले. पुढच्या सहा-सात महिन्यांत त्या तारेवरून किती शब्द गेले आणि आले, याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. २००७च्या आरंभी संग्रह ‘ह’पर्यंत तपासून झाला. तोवर गुरुजींना पडदा दिसेनासा झाला होता. आम्ही नोंद मोठ्याने वाचायची, त्यांनी ‘बरोबर’ किंवा ‘थांबा’ म्हणायचे, अशी शेवटची अक्षरे पुरी केली. काम त्यांच्या हयातीत आणि त्यांच्या संमतीने पूर्ण झाले, याचे समाधान आम्हांला आजही आहे. फायली जपलेल्या आहेत, आणि त्यानंतर तीन संगणक बदलले तरी त्यांतले एक अक्षरही चिखल झालेले नाही.

डायल-अप गेले, पण गोष्ट संपली नाही. काही वर्षांनी मोबाइल जाळ्यावर चालणारे यूएसबी मोडेम आले, अंगठ्याएवढे. आम्ही एक लिनक्सला जोडला तर संगणक म्हणाला, ही तबकडी आहे! आणि ते खोटे नव्हते. असली अनेक उपकरणे जोडल्याबरोबर आपण सीडी असल्याचे भासवीत, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर असे आणि तो बसवला की मगच ती मोडेमचे रूप घेत. जोसुआ डिट्झ यांनी लिहिलेल्या ‘यूएसबी-मोडस्विच’ या मुक्त प्रोग्रामने हे सोंग उतरवण्याची सोय केली. उपकरणाला योग्य संदेश पाठवला की ते मोडेम म्हणून उभे राहते. पुढे तो बहुतेक लिनक्स वितरणांत आला आणि सामान्य माणसाला त्याचे नावही ठाऊक होण्याची गरज उरली नाही. मोबाइल मोडेमशी बोलण्यासाठी ‘एमबीआयएम’ हे उघड मानकही २०११ मध्ये आले आणि लिनक्सच्या गाभ्याने ते स्वीकारले.

इतक्या ठेचांनंतर आम्ही जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगाचे असेल म्हणून सांगतो. दुकानात ‘लिनक्सवर चालेल का’ एवढेच विचारू नये. त्याचे उत्तर देण्याइतकी माहिती विक्रेत्याकडे क्वचितच असते आणि त्यात त्याचा दोष नाही. विचारायचे ते असे: हे उपकरण आपले काम स्वतः करते का, आणि ते संगणकाशी कोणत्या सर्वमान्य भाषेत बोलते? घरातल्या ब्रॉडबँडसाठी इथरनेटची तार किंवा वायफाय देणारा राउटर घ्यावा. संगणकाला तो केवळ जाळे म्हणून दिसतो, मग आतला मोडेम कोणताही असो. यूएसबी आणि इथरनेट अशी दोन्ही भोके असतील, तर इथरनेटचे वापरावे. यूएसबीचा मोबाइल मोडेम घ्यायचाच असेल, तर स्वतःच छोट्या राउटरसारखा वागणारा किंवा मानक पाळणारा घ्यावा. खोक्यावरच्या नावावर विसंबू नये. उपकरणाचा क्रमांक शोधून त्याच्याविषयी इतरांचा अनुभव वाचावा. आणि परत करण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी. ही शेवटची गोष्ट आम्ही केली असती, तर कोल्हापूरचे कार्ड अजून आमच्या कपाटात नसते.

बेळगाव असो, मडगाव असो, इंदूर, बडोदे वा हैदराबाद असो, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला बहुसंख्यांसाठी बनवलेल्या वस्तू वापरूनच जगावे लागते. प्रत्येक विक्रेत्याने आपल्यासाठी वेगळी वस्तू बनवावी, हे मागणे फार मोठे आहे आणि ते पुरे व्हायचे नाही. मात्र वस्तूने उघड, सर्वांना ठाऊक असलेल्या मानकांनुसार बोलावे, हे मागणे रास्त आहे. तेवढे मिळाले की उरलेले आपण आपल्या हातांनी करू शकतो. पतसंस्थेच्या माळ्यावरच्या डब्याने आम्हांला ते दाखवून दिले. म्हणून मित्रहो, आपल्या गावात कोणाकडे जुन्या टंकांत अडकलेला मराठी मजकूर असेल, शब्दसंग्रह, ओव्या, एखाद्या संस्थेचा इतिवृत्तान्त, तर तो आताच युनिकोडमध्ये आणा. मूळ टंक ज्याच्याकडे आहे, असा माणूस अजून हयात असेल. त्याला शोधा आणि त्याच्याकडे जाऊन बसा. गुरुजींच्या अकराशे कार्डांची ती फ्लॉपी आमच्याकडे आहे. तो टंक आम्हांला अजून सापडलेला नाही.